बाबांच्या जांघेतली ओल

बाबांची उजवी बाजू लुळी पडून वर्ष झालं होतं. आई आधीच गेलेली, भाऊ ठाण्यात कामाला. जामसरच्या घरात बाबा, मी आणि पावसाळा. सकाळी बाबांचं अंग पुसून, पेज भरवून मी जीप पकडायची आणि जव्हारच्या शाळेत शिकवायला जायची. दुपारी शेजारची काकी डोकावायची.

श्रावणात सगळंच ओलं. चुलीवरच्या दोरीला टाकलेल्या कपड्यांना धुराचा वास लागायचा, पण ते वाळायचे नाहीत. लुळ्या हाताची काख आधी लाल झाली, मग सोलवटली. उपकेंद्रातल्या सिस्टरने सांगितलं, "घासू नका, टिपून घ्या. घडीत सुती फडकं ठेवा, ओलं झालं की बदला. हवा लागू द्या." हवा! त्या दिवसांत आमच्याकडची हवा पिळली असती तर तांब्या भरला असता. तरी मी आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडल्या, निखाऱ्यांवर धरून कोरड्या केल्या आणि पंधरा दिवसांत काख बरी केली. त्याचा मला चांगलाच गर्व झाला.

कमरेखालचं मात्र बाबा स्वतःच करायचे. चादरीखाली, डाव्या हाताने. मी फडकं आणि सिस्टरने दिलेलं मलम हातात द्यायची आणि दाराबाहेर जाऊन उभी राहायची.

"बाबा, कोरडं झालं का?"

"झाला गं. कोरडाच हाय. तू जा, तुझी जीप सुटंल."

खरं सांगते, ते ऐकून मला सुटल्यासारखं वाटायचं. बापाला तिथे पुसायचं, हा विचारसुद्धा मला नको असायचा. वास यायला लागला तेव्हा मी गोधडीला दोष दिला. गोधडी बदलली. वास तसाच.

शेवटी एका रविवारी मी दाराबाहेर गेलेच नाही. "आज मी बघणार," म्हटलं. चिडूनच म्हटलं, कारण घाबरले होते. बाबा आधी ओरडले, मग रडवेले झाले. "नको गं पोरी. माझी लाज नको काढू." मी चादर उचलली तसा त्यांनी हात डोळ्यांवर घेतला.

डावी जांघ स्वच्छ होती, कोरडी, मलम पातळ लावलेलं. किती निगुतीने करत होते ते! उजवीकडे पोट आणि लुळी मांडी एकमेकांना चिकटून बसली होती. मी मांडी उचलली. आतली कातडी भिजून पांढरी पडली होती आणि मधोमध लालभडक चीर. ती मांडी उचलून धरायला एक हात लागतो, पुसायला दुसरा. त्यांच्याकडे एकच होता.

"दुखतंय का हो?"

"त्या बाजूचा मला काय कळत नाय गं," डोळ्यांवरचा हात न काढता ते म्हणाले.

त्यांना कळत नव्हतं. मला वासावरून कळत होतं, आणि मी रोज दाराबाहेर उभी राहत होते.