मुजावरांच्या कुराणाचं वय

जुन्या पुस्तकाची शिवण उसवली की आतून काहीबाही गळायला लागतं. वाळलेलं पान, मोरपीस, कुणाचं तरी पत्र. आमच्या बैठकीतल्या गोष्टींचंही तसंच झालंय. एक सांगायला घ्यावी तर तिच्यातून दुसरी पडते. त्यातलं किती जसंच्या तसं आठवतंय आणि किती मी नंतर शिवलंय, याची मला खात्री नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हस्तलिखितांवर शंका घेतली, आता स्वतःच्या आठवणींवर घेतो.

बेचाळीस-त्रेचाळीसची वर्षं. नगरमध्ये दस्तगीरभाई म्हणून पुस्तकं बांधणारे होते. त्यांच्या दुकानाच्या माळ्यावर शुक्रवारच्या नमाजानंतर आम्ही तिघं जमायचो. ते स्वतः, मदरशात शिकवणारे मौलवीसाहेब आणि फारसी घेऊन नुकताच एम.ए. झालेला मी. आसपासच्या गावांतून लोक जुनी कुराणं घेऊन येत. कागद, शाई, अक्षराचं वळण पाहून आम्ही त्यांचं वय सांगायचो.

हात धुतल्याशिवाय कुराणाला शिवायचं नाही, हा नियम. आपण परके, काही चुकायला नको, म्हणून मी तीनदा धुवायचो. मग ओल्या हातानं शाई फुटेल ही भीती. दोन्ही हात पुढे धरून खिडकीत उभा राहायचो.

मौलवीसाहेब एकदा म्हणाले, "मास्तर, तुमचे हात वाळेपर्यंत हा ग्रंथ आणखी जुना होईल."

* * *

तेव्हा किल्ल्यात मोठे पुढारी कैदेत होते आणि शहरात पोलिसांचे कान टवकारलेले. माळ्यावर दर आठवड्याला भिंगाखाली कागद वाचतात, असं कुणीतरी कळवलं. हवालदार वर आला.

"कसलं पत्रक हाय?"

"तीनशे वर्षांपूर्वीचं कुराण आहे," मौलवीसाहेब म्हणाले.

मला राहवलं नाही. "तीनशे नाही. फार तर दोनशे."

मग आमचं असं जुंपलं, की हवालदार समोर असल्याचंही भान राहिलं नाही. त्यानं टोपी काढली, बराच वेळ ऐकत बसला. जाताना जिन्यात दस्तगीरभाईंना म्हणाला, "ह्यांच्यातच येकी न्हाई. हे काय सरकार उलथवनार?"

* * *

शेवगावकडच्या एका दर्ग्याचे म्हातारे मुजावर बाबूभाई हिरव्या कापडात गुंडाळून कुराण घेऊन आले. पहिल्या खलिफांच्या काळात, म्हणजे तेराशे वर्षांपूर्वी लिहिलेलं, अशी घरात सांगत आलेली गोष्ट. शिकून आलेल्या पुतण्यानं मात्र चारचौघांत तिला थाप म्हटलं होतं.

"मला माझा बाप सांगून गेला," बाबूभाई म्हणाले. "त्यो खोटं बोलला का, येवढंच सांगा."

पहिलं पान उलटताच तिघांनाही कळलं. त्या काळी कुराण लिहीत ते कातड्याच्या पानांवर. हे कागदावर होतं. पण दस्तगीरभाईंनी 'ठेवून जा, बघतो' एवढंच सांगितलं.

मला एक पळवाट सापडली. अक्षरांभोवती लाल ठिपके होते. फार जुन्या प्रतींत स्वर दाखवायला असेच ठिपके देत. म्हणजे ही नक्कल असली, तरी एखाद्या खरोखरच प्राचीन प्रतीवरून केलेली असावी. महिनाभर वाद चालला.

मौलवीसाहेब म्हणाले, "अल्लाचा कलाम कुराण पाठ असलेल्या हाफिजांच्या छातीत जपलेला आहे. त्याला कागदाच्या वयाची गरज नाही. गरज आहे ती बाबूभाईंना."

मी चार पानी अभिप्राय लिहिला आणि बाबूभाईंना वाचून दाखवला.

"ते ठिपके व्हय? आमच्या आत्यानं दिल्यात. मेंदीच्या काडीनं. पोरी वाचताना जितं अडखळायच्या, तितं."

"आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी कागदाचं इचारलं, शाईचं इचारलं. आत्याचं कवा इचारलं?"

* * *

ग्रंथ परत देण्याआधी शिवण नवी करावी, म्हणून दस्तगीरभाईंनी तिथंच पुठ्ठा उघडला. अस्तराखालून घडी घातलेली चिठ्ठी निघाली. फारसीत, घाईच्या अक्षरात. मौलवीसाहेबांनी ती वाचली आणि माझ्या हातात दिली.

कुणा मुन्शीनं लिहिलं होतं, 'हा ग्रंथ शंभर वर्षांहून जुना नाही, असं मी याच्या मालकाला सांगितलं. माझ्या मुलाला, बाबूला, हे कळू देऊ नका, अशी विनंती त्यानं केली.'

बाबूभाईंना फारसी येत नव्हती.

"काय लिवलंय, मास्तर?"

मी चिठ्ठीकडे पाहत राहिलो. चार पानं लिहिणाऱ्या मला एक ओळ सुचेना. मौलवीसाहेब खिडकीबाहेर बघत होते.

"लिहिलंय," मी म्हणालो, "ग्रंथ फार जुना आहे. जपून ठेवा."

बाबूभाईंनी चिठ्ठी माझ्या हातातून घेतली, होती तशीच घडी घातली आणि दस्तगीरभाईंपुढे धरली. "हुती तितंच चिकटवा."

जिन्यापर्यंत मी त्यांना सोडायला गेलो. कुराण छातीशी धरून ते एक पायरी उतरले, मग वळले.

"मास्तर, आमचा बापबी सांगताना असाच जरा थांबला हुता."