लेकीचा चष्मा आणि माझं तोंड

आमची लेक दोन वर्षांची व्हायच्या आतच तिला चष्मा लागला. साठ सालाच्या आगेमागे मुळशीकडच्या गावांत चष्मा दिसायचा तो एखाद्या पेन्शनरच्या नाकावर, नाहीतर पोथी वाचणाऱ्या म्हाताऱ्याच्या, आणि त्यालाही एका काडीच्या जागी दोरा. अंगडं घातलेल्या, शेंबूड ओघळणाऱ्या पोरीच्या तोंडावर चष्मा म्हणजे शेळीच्या पायात बूट.

तिचा डावा डोळा नाकाकडे वळायचा. माझी आई खूश. म्हणायची, "चकणं लेकरू भाग्याचं आसतं. घराला बरकत येती." मी एसटीत कंडक्टर, मुळशी ते पुणे रोजची फेरी. बरकतीची वाट बघायला माझी हरकत नव्हती. पण बायकोने एक दिवस पोरीला काखेला मारलं आणि माझ्याच गाडीत येऊन बसली. "डाक्टरला दावायची," म्हणाली. मग काय, गेलो.

पुण्याचे डॉक्टर वयस्कर होते. म्हणाले, "डोळा वळतो ही खरी अडचण नाही. त्याला धूसर दिसतं. धूसर दिसणाऱ्या डोळ्याचं मेंदू हळूहळू ऐकेनासा होतो. आत्ता चष्मा वापरला तर डोळा वाचेल. शाळेत जायच्या वयात आणलीत, तर माझ्या हातात काही राहणार नाही." निघताना म्हणाले, "पोरगी खेळात गुंग असेल तेव्हा घाला. आणि गाजावाजा करू नका."

हे शेवटचं वाक्य बायकोने ऐकलं. मी नाही. तेवढ्या वेळात मी ही हकिकत गाडीत कशी रंगवायची ते मनाशी जुळवत होतो.

चष्मा आला. तारेच्या काड्या कानामागे वळवलेल्या, काचा रुपयाएवढ्या. मी पोरीला घातला, तिने काढला आणि अंगणात भिरकावला. मी धावत जाऊन आणला. पुन्हा घातला, पुन्हा भिरकावला, पुन्हा धावलो. ती खदखदून हसली. माझी समजूत अशी, की मी तिला चष्म्याची सवय लावतोय. खरं तर तीच मला पळायची सवय लावत होती.

मग मी डोकं चालवलं. काड्यांना नाडी बांधून डोक्यामागे गाठ मारली. तिने चष्मा गरकन फिरवून मागे नेला आणि तशीच हिंडत राहिली. आई म्हणाली, "आता मागनं कोन येतंय त्ये दिसंल तिला."

तरी मी हटलो नाही. पोरं मोठ्यांचं बघून शिकतात, असं कुणी तरी सांगितलेलं होतं. मी पुण्यातल्या दुकानातून काचा नसलेली एक जुनी चौकट मागून आणली आणि घरीदारी घालून हिंडू लागलो. एकदा गाडीत तिकिटं देताना डोळ्यात धूळ गेली. मी सरळ चौकटीतून बोट घालून डोळा चोळला. पुढच्या बाकावर भाजीची पाटी घेऊन बसलेली म्हातारी म्हणाली, "कंडक्टर, काच कुटं सांडली रं बाबा? का धुवायला टाकली?" त्या दिवशी पौडपर्यंत कुणी सुटे पैसे मागितले नाहीत, सगळे हसण्यात गुंतलेले.

आणि मला ते आवडलं. हीच तर गोम होती. बोलणाऱ्या माणसाला ऐकणारे मिळाले की त्याचं भान सुटतं. मी रोज नवा मजकूर पुरवू लागलो. आज पोरीने चष्मा कोंबड्यांच्या डालग्यात टाकला, आज म्हशीपुढच्या पेंढ्यात. उतारू चढता चढता विचारायचे, "काय, घातला का आज?" आमचं घर थांब्याला लागूनच. गाडी थांबली की माणसं ओट्यापाशी डोकवायची. भाताची पोती उतरवणारे हमाल, वाडीवरून आलेल्या बाया, सगळे. "आलं बगा बालिष्टर!" "ए म्हातारे, पोथी कुटं हाय तुजी?" पोरगी त्या हसऱ्या तोंडांकडे टकामका बघायची, आणि दोन्ही हातांनी चष्मा ओरबाडून काढायची.

एक दिवस मी तिला मांडीवर घेतलं. सहज तिच्या चांगल्या डोळ्यावर तळहात धरला आणि दुसऱ्या हाताने केळं पुढे केलं. तिने हात पुढे केला. तो केळ्याच्या बाजूने हवेतच गेला. तिने पुन्हा चाचपलं, आणि मग रडायला लागली. मी हात काढला, केळं दिलं, तिचं रडणं थांबलं. इतके दिवस मी ज्याच्या गमती सांगत होतो ते हे होतं.

बायकोला म्हणालो, "दिवसभर घरात असतेस, तुला जरा लक्ष देता येत नाही? ती चष्मा घालतच नाही."

ती सुपातलं भात पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "घालती की. दुपारभर आसतो."

"मग मला कसा दिसत नाही?"

"तुमच्या चिमट्याचा आवाज आला की काढती. तुमी आलात की खेळ सुरू."

तिकिटाला भोक पाडायचा तो चिमटा रिकाम्या हाताने टिकटिकवत घरी यायची मला सवय. मला बायकोचं बोलणं पटलं नाही, आणि झोंबलं मात्र चांगलंच. दुसऱ्या दिवशी दुपारच्या फेरीला गाडी थांबल्यावर चिमटा ड्रायव्हरकडे दिला, चपला हातात घेतल्या आणि स्वतःच्याच घरात चोरासारखा गोठ्याच्या बाजूने गेलो.

बायको तांदूळ निवडत होती. शेजारी लेक बसली होती. नाकावर चष्मा, जरा तिरका. तीही निवडत होती म्हणायची. एकेक दाणा चिमटीत धरायचा, डोळ्यांजवळ न्यायचा, बघायचा, आणि सुपाबाहेर टाकायचा. पुन्हा दुसरा. दोन्ही डोळे त्या दाण्यावर. डावाही. बायको तिच्याकडे बघत नव्हती, की शाबास म्हणत नव्हती. तिचं आपलं काम चाललेलं.

ओरडावंसं वाटलं. ड्रायव्हरला हाक मारावीशी वाटली. तोंडावर हात दाबून मी उभा राहिलो. गाडीत बारा गावचं बोलतो, पण गप्प राहणं त्या गोठ्यापाशी जेवढं जड गेलं तेवढं मला कधी गेलं नव्हतं.

मी तसाच मागच्या पावली वळलो. संध्याकाळी घरी आलो तो खाली मान घालून. पोरीने मला बघितलं, चष्मा काढला, फेकला आणि हसून वाट बघत राहिली. मी दोरी वळायला घेतली. ती ओरडली. मी दोरी वळत राहिलो. "बा!" म्हणून माझा सदरा ओढला. मी म्हणालो, "हं," आणि पीळ घालत राहिलो. चष्मा तिथेच पडून होता. आईला राहवेना, ती उठणार, एवढ्यात बायकोने नुसतं तिच्याकडे बघितलं.

त्या संध्याकाळी पोरीने चष्मा उचलला नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. पुढे पुढे फेकणं कमी झालं, कारण आणून देणाराच उरला नाही. आणि मी घरात असतानाही तो तिच्या नाकावर राहू लागला, मी बघत नाही याची तिला खात्री पटल्यावर.

मग एक दिवस रात्री जेवताना बायको म्हणाली, "आज सकाळी उटल्या उटल्या तिनंच मागितला."

"काय म्हणाली?"

"काय न्हाई. कोनाड्याकडं हात केला."

हे झालं तेव्हा मी पौडच्या पुढे कुठेतरी तिकिटं देत होतो. इतके दिवस ज्यासाठी नाचलो ते बघायला मी नव्हतो. आणि नव्हतो म्हणूनच झालं असेल, असंही वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी गाडीत त्या पाटीवाल्या म्हातारीने विचारलं, "काय रं, पोरीचा चष्मा काय म्हनतो?"

"बरं चाललंय," मी म्हणालो आणि तिला तिकीट दिलं.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग शेजारणीला म्हणाली, "कंडक्टरला ताप-बिप आलाय काय गं?"