बाबा कुठल्या प्रकारात बसतात?

मोबाइल अ‍ॅप बनवण्यात सगळ्यात अवघड काय असतं असं कोणी विचारलं, की मी प्रामाणिकपणे सांगते: मीटिंग. कोड लिहिणं त्यामानाने सोपं. तो चुकला तर निदान लाल अक्षरांत तसं सांगतो तरी. मीटिंगमधली माणसं चुकली की टाळ्या वाजवतात.

आमचं ऑफिस बेंगळुरूत सर्जापूर रोडवर, आणि आमचं अ‍ॅप सोसायट्यांच्या फाटकासाठी. कोणी आलं की वॉचमन त्याचा फोटो काढतो, तो कशासाठी आलाय ते स्क्रीनवर निवडतो, आणि वर घरात आपल्या फोनवर 'आत सोडू का?' असं येतं. हिरवं बटण दाबलं की माणूस आत, लाल दाबलं की परत. एवढ्याशासाठी आम्ही अख्खा मजला अडवून बसलो होतो. लाल रंग फारच लाल आहे, नाही म्हणताना लोकांना अपराधी वाटेल, यावर इतके दिवस खल झाला की शेवटी आम्ही तो गुलाबीसर केला. डिझायनरने त्याबद्दल केक कापला आणि मीही खाल्ला.

मग मॅनेजरच्या डोक्यात आलं की अ‍ॅप आधी आपल्याच लोकांच्या सोसायट्यांत लावू. माझी सोसायटी ऑफिसपासून हाकेच्या अंतरावर आणि मी पडले हौशी. कमिटीपुढे लॅपटॉप मीच उघडला. इंटरकॉम काढून टाका, नाहीतर लोक त्यावरच बोलत बसतील, हेही मीच सुचवलं. कमिटीने लगेच मान डोलावली, कारण इंटरकॉम तसाही बंदच असायचा.

माझे बाबा येलहंक्याला राहतात. विमानांच्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते, आता निवृत्त. आई गेल्यापासून एकटेच. दर रविवारी बस बदलत, अख्खं शहर ओलांडून ते माझ्याकडे येतात आणि कधी म्हणून कळवून येत नाहीत. मुलीकडे जायचं तर कळवायचं कशाला, असा त्यांचा साधा हिशोब. आले की आधी पाणी पितात आणि मग घरात काय बिघडलंय ते शोधायला लागतात.

अ‍ॅप लागल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी ते फाटकावर आले. पुढचं मला नंतर वॉचमनने सांगितलं. तो रायचूरकडचा, बोलायला गोड.

"अज्जा, स्वल्प थांबा," तो म्हणाला, "यातलं एक निवडायचंय. डिलिव्हरी, टॅक्सी, घरकाम की पाहुणा?"

"मी तिचा बाप आहे."

"ते यात नाही, अज्जा. पाहुणा लावतो."

"पाहुणा लावायचं नाही! पाहुणा चहा पिऊन जातो. मी तिच्या नळाचा वॉशर बदलतो."

मागे गाड्या खोळंबल्या, हॉर्न वाजायला लागले. वॉचमन बिचारा कावराबावरा झाला. त्याला बाबांच्या हातातल्या पिशवीतून अंगणातल्या शेवग्याच्या शेंगा डोकावताना दिसल्या, आणि त्याने 'डिलिव्हरी' दाबलं.

वर माझा फोन वाजला. डिलिव्हरी आली आहे, आत सोडू का? मी तर काहीच मागवलं नव्हतं. फोटोची जागा रिकामी होती. फोटो यायला वेळ लागतो, त्यासाठी थांबलो तर अ‍ॅप हळू वाटतं, म्हणून सूचना आधी आणि फोटो मागाहून, असं आमचं मीटिंगमध्ये एकमताने ठरलेलं. मी गुलाबीसर बटण दाबलं. मग फोटो आला. उन्हामुळे बारीक केलेले डोळे, इस्त्रीचा शर्ट आणि शेंगा.

लिफ्टची वाट न बघता मी जिने उतरले. खाली वॉचमन पिशवी सांभाळत उभा.

"मॅडम नको म्हणाल्या, असं स्क्रीनवर आलं. मी अज्जांना दाखवलं. ते 'सरी, ठीक आहे' म्हणाले, पिशवी दिली आणि गेले."

बाबांनी दिवसभर फोन उचलला नाही. मला असा संताप आला होता की तो कोणावर काढावा तेच समजेना. ते आता परत येणारच नाहीत, या भीतीने मी पुन्हा पुन्हा फोन लावत होते.

सोमवारी मीटिंगमध्ये मी म्हटलं, 'घरचे' असा एक पर्याय हवा.

"कितने यूजर्स ने माँगा है?" मॅनेजरने विचारलं.

"एक."

"फिर तो एज केस है."

एज केस म्हणजे क्वचित कधीतरी घडणारी, म्हणून खुशाल सोडून द्यावी अशी भानगड. माझ्या बाबांना मराठीत, कन्नडमध्ये आजवर बरंच काय काय म्हटलं गेलंय, पण हे पहिल्यांदाच. शेजारचा नागपूरचा सहकारी कुजबुजला, "अगं, त्यांना कायमचा पास काढून दे ना. कोड टाकला की फाटक उघडतं."

संध्याकाळी बाबांनी फोन उचलला. मी झालेलं सगळं सांगितलं. त्यांनी इंजिनिअरसारखं ऐकून घेतलं.

"आधी निर्णय आणि मग तपासणी? आमच्याकडे असं केलं असतं तर विमानं पडली असती."

मी पासचं बोलले.

"सगळी नोकरी मी फाटकावर पास दाखवत आलो. रोज तोच शिपाई, नावानिशी ओळखायचा, तरी पास बघितल्याशिवाय सोडायचा नाही. शेवटच्या दिवशी पास जमा केला आणि तुझ्या आईला म्हटलं, आता मी कोण ते कुठल्याही फाटकावर सिद्ध करणार नाही."

पासचा विषय मी तिथेच सोडला. दुसऱ्या दिवसापासून मात्र मी हट्टाला पेटले. प्रत्येक मीटिंगमध्ये 'घरचे', प्रत्येक ईमेलच्या शेवटी 'घरचे'. लोक मला टाळून जेवायला जायला लागले. कशाचाही उपयोग झाला नाही. मग एके दिवशी कंपनीत पैसे गुंतवणाऱ्या साहेबांच्या सासूबाईंना त्यांच्या फाटकावर कोणीतरी 'घरकाम' लावलं, आणि संध्याकाळपर्यंत 'घरचे' हा पर्याय तयार झाला. मॅनेजरने सगळ्यांना कळवलं की आपण ग्राहकांच्या भावना ऐकतो.

त्या रविवारी बाबा आले. वॉचमनने ऐटीत 'घरचे' दाबलं. बाबा वर आले, पाणी प्यायले, मिक्सर उघडून बसले आणि जेवताना शेंगांची आमटी दोनदा मागून घेतली. मला इतकं बरं वाटलं की मी त्या मॅनेजरलाही मनातल्या मनात माफ केलं.

पुढच्या आठवड्यात गादी विकणारा 'घरचे' म्हणून आला. मग विमा एजंट, मग फ्लॅटचा दलाल, मग पाण्याचा फिल्टरवाला. सगळ्या बेंगळुरूला आपले नातेवाईक सापडले. तक्रारींचा पाऊस पडला आणि शुक्रवारी तो पर्याय काढून टाकला. मॅनेजरने आलेख दाखवून सिद्ध केलं की कुटुंब ही संकल्पना आपल्या ग्राहकांना झेपत नाही.

शनिवारी मी बाबांना सांगितलं.

"सरी," ते म्हणाले. "मग तूच येत जा. इथल्या फाटकाला नुसती कडी आहे."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. रविवारी सकाळी मी लवकर उठले, डबा भरला, चपला घातल्या आणि दाराला कुलूप लावता लावता सवयीने फोन केला.

"बाबा, येऊ का?"

"हे कोणी शिकवलं तुला?" त्यांनी विचारलं.