बेडूकराजाचं शुद्ध मराठी

लहानपणी ज्या कार्टूनसाठी मी दर रविवारी शेजाऱ्यांच्या ओट्यावर चिकटून बसायचे, त्याचा आता मोठा सिनेमा झाला आहे. मोठा म्हणजे सगळ्याच बाजूंनी. मूळ कार्टून चहाला उकळी येईपर्यंत संपायचं. एक मिशीवाला बेडूकराजा. त्याचं तळं आटलेलं, म्हणून तो पाण्याच्या टबात बसून नवं तळं शोधायला निघालेला. टब गाडीवर, गाडी ओढायला गाढव, आणि पुढे वाट दाखवायला बगळा प्रधान, ज्याला स्वतःलाच वाट ठाऊक नाही. दर भागात टब उलटायचा, राजा चिखलात पडायचा, आणि आम्ही पोरं एकमेकांच्या अंगावर पडून हसायचो. बस, एवढंच. त्यातून कोणाला काही शिकायला मिळायचं नाही. म्हणूनच बहुतेक इतकं आवडायचं.

नव्या सिनेमात बेडूक खरा आहे. म्हणजे कॉम्प्युटरवर केलेला, पण इतका खरा की पाठीवरचा एकेक फोड दिसतो. मी बी.एस्सी. आहे, झूलॉजी घेऊन. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली, आणि हे मी कोणी न विचारताही सांगते. कॉलेजात अशाच बेडकाला मेणाच्या ट्रेमध्ये उताणा टाकून टाचण्या टोचल्या आहेत. त्यामुळे पडद्यावर राजेसाहेब आले तेव्हा मला मुजरा सुचला नाही, कात्री सुचली. खऱ्या बेडकाला हसता येत नाही. त्याला भुवया नसतात, मिशी तर नसतेच. मग राजा खूश आहे की त्याचं पोट बिघडलंय, हे कळावं म्हणून मागे व्हायोलिन वाजवत राहावं लागतं.

बगळ्याला या वेळी वाईट बालपण दिलंय. त्याला लहानपणी घरट्यातून ढकलून दिलं होतं, म्हणून तो वाट चुकतो. आमच्या वेळी तो मूर्ख होता म्हणून चुकायचा, आणि ते आम्हाला पटायचं. राणी पूर्वी नव्हती, आता आहे. शिकलेली आहे, आणि स्वप्नांवर मोठं भाषण करते. भाषण संपल्यावर तिला काम काय, तर राजाला धीर देणं. एवढ्यासाठी तिला शिकवलं असेल तर फी परत मागावी. आणि टब? टब सबंध सिनेमात एकदाच उलटतो, तोही हळूहळू, आणि थेटरातली माणसं डोळे पुसतात. बेडूक पाण्यातून बाहेर पडला म्हणून रडणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली. त्याला जमिनीवरही राहता येतं हो.

पण हे सगळं मी पॉपकॉर्नबरोबर गिळलं असतं. मनाला लागलं ते वेगळंच.

लहानपणी ते कार्टून हिंदीत असायचं. राजा हिंदी बोलायचा, गाढवही हिंदीच बोलायचं. सिन्नर तालुक्यातल्या आमच्या गावात तसली हिंदी कोणीच बोलत नसल्यामुळे राजा आणि गाढव दोघेही सारखेच परके. कोणाला वाईट वाटायचा प्रश्नच नव्हता. आता सिनेमा मराठीतही आला, म्हणून मी खुशीत तिकिटं काढली. लेकीची परीक्षा संपली होती. नवऱ्याची ओझरला शिफ्ट होती, म्हणून मी, चौथीतली लेक आणि माझी आई अशा तिघीच गेलो. आईने ठेवणीतलं लुगडं काढलं. लेक म्हणाली, आजी, अंधारात कोण बघणार आहे? आई म्हणाली, जाताना उजेडच हाय ना.

तर मराठीतला बेडूकराजा असा बोलतो: ‘प्रिये, हा जलाशय आपल्या भाग्यात नसावा.’ राणी तशीच. बगळ्याचं बालपण वाईट असलं तरी व्याकरण उत्तम. आणि गाढव? गाढवाने तोंड उघडलं आणि म्हणालं, ‘धनी, म्या लई दमलो जी.’ थेटर फुटलं. यात विनोद काय होता ते मी अजून शोधते आहे. ‘मी खूप दमलो’ असं ते म्हणालं असतं तर एकही माणूस हसला नसता. उलट वाटलं असतं, खरंच, बिचारं दमलं असेल. पण मराठी करणाऱ्याने बसून ठरवलं असणार, की चार पात्रांत गावाकडचं बोलणं कोणाला द्यायचं. आणि फार वेळ विचार करावा लागला नसेल.

आईसुद्धा हसत होती, हेही सांगायला हवं. गाढव घसरलं की ती मांडीवर थाप मारायची. मध्यंतराच्या जरा आधी गाढवाचं लांबलचक गाऱ्हाणं चाललं होतं, तेव्हा लेक तिच्याकडे वळून मोठ्याने म्हणाली, “आजी, हे सेम तुझ्यासारखं बोलतं.”

पुढच्या रांगेतली माणसं वळून हसली. त्यातली एक बाई लेकीकडे बघून क्यूट म्हणाली. आईचा हात मांडीवरच राहिला. त्यानंतर गाढव दोनदा घसरलं, पण तिकडून थाप ऐकू आली नाही.

वडील गेल्यापासून आई आमच्याकडे नाशिकला राहते. इथे तिला वावर नाही, गोठा नाही, ओळखीचं दार नाही. तिच्याजवळ होतं ते बोलणं, आणि ऐकायला नात. लेक शाळेतून आली की आईचं तोंड सुरू व्हायचं ते मी पिंपळगावच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमधून परत येईपर्यंत चालायचं: कोणाचा जावई रुसला, कोणाची म्हैस आटली, यात्रेत कोण कोणाला ओळख देईना. एवढ्यावर तिचा दिवस उभा होता. तेच बंद पडलं तर तिने या तिसऱ्या मजल्यावर करायचं काय, याची मला धास्ती होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने लेकीला विचारलं, “णाश्ता झाला आहे का?”

मला वाटलं, जीभ अडखळली. मग दुपारी ‘णको’ आलं, संध्याकाळी ‘मण लागत णाही’ आलं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे ण नाही. पाणी म्हणजे पानी, लोणी म्हणजे लोनी. शहरात ण लागतो हे आईला माहीत होतं, पण कुठे लागतो आणि कुठे नाही हे कोण सांगणार? म्हणून तिने खबरदारी घेतली आणि सरसकट सगळ्या न चा ण करून टाकला. कॉलेजात पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं. होस्टेलच्या पोरींनी माझा ‘णाशिक’ बरेच दिवस पुरवून पुरवून वापरला.

लेक काय सोडणार? “आजी, नाश्ता. न नळाचा.” आई शाळेतल्या पोरीसारखी म्हणायची, न नळाचा. मग जेवताना पानी म्हणायची, की पुन्हा पकडली जायची. काही दिवसांनी पकडणं थांबलं. मला बरं वाटलं. मग लक्षात आलं, की आई आता ज्यात ण नाही आणि न पण नाही असेच शब्द वापरते. घे. खा. बस. झोप. तेवढ्यात नात वाढवता येते, पण म्हशीची गोष्ट सांगता येत नाही.

मी लेकीला झापलं. ती शांतपणे म्हणाली, मी पानी म्हटलं की तूच ओरडतेस ना? मी म्हटलं, ते शाळेसाठी. ती म्हणाली, मग घरासाठी कोणतं? 

मग आईला समजावायला गेले. ती माझ्याशी तिच्याच बोलण्यात बोलली. म्हणाली, राहू दे, तिच्या मैतरनी येत्यात, पोरीला खाली बघाया लावू का? मी म्हटलं, तो सिनेमा एका बिनडोक माणसाने लिहिलाय, त्यात नीट काही नव्हतं. आई म्हणाली, आसंल, पन लोक हसले ते खरे व्हते.

एका संध्याकाळी आईच्या बहिणीचा गावाहून फोन आला. आई फोन घेऊन बाल्कनीत गेली आणि दार ओढून घेतलं. आणि दारापलीकडून ते जुनं बोलणं ऐकू यायला लागलं, धबाधबा, मध्येच हसणं, मध्येच कोणाला तरी ठेवणीतली शिवी. लेक गृहपाठ करत होती. तिने पेन्सिल ठेवली, दाराशी गेली आणि कान लावून उभी राहिली. मी पोळ्या लाटत होते, मला सगळं दिसत होतं.

आई आत आली आणि तिला दाराशी बघून दचकली. मग शब्द निवडून म्हणाली, “ताट वाढू?”

लेक हलली नाही. “तिच्याशी एवढं बोललीस. माझ्याशी का नाही बोलत तसं?”

“तसं तर गाढव बोलतं,” आई म्हणाली. रागाने नाही. उद्या लाइट जाणार आहे, इतक्या साधेपणाने.

लेकीचा चेहरा उतरला. ती म्हणाली, “पण गाढवच चांगलं होतं त्यात. राजा तर नुसता बसून होता.”

“चांगलं आसून काय झालं? गाडी त्यालाच वढावी लागली.”

हा सिनेमा बघून कौतुक लिहिणाऱ्यांपैकी कोणालाही हे सुचलं नव्हतं. लेक आजीच्या पदराशी जाऊन सॉरी म्हणाली. आईने मान हलवली, पण ती मान आम्हाला कळते. विषय संपव, एवढाच तिचा अर्थ. मग आजीला खूश करावं म्हणून त्या पोरीने नेमकं करायला नको तेच केलं. सिनेमातला आवाज काढून म्हणाली, “म्या लई भुकेली हाय जी, धनी.”

मी लाटणं ठेवून दिलं.

“हे काय?” आई म्हणाली.

“तुझ्यासारखं बोलते.”

“माझ्यासारखं? आमच्यात म्या कोन म्हनतं गं? आन जी तं तिकडं नागपुराकडं. धनी म्हनले आसते मी, तं तुझा आजोबा मागं वळून बघता, कोन पाव्हना आला म्हनून. आर्धं कोल्हापूरचं आन आर्धं नागपूरचं. हे गाढव आपल्याकडलं नायच.”

आता मात्र ती खरंच चिडली होती. इतके दिवस तोंडाला कुलूप लावून बसली ती कोणासाठी, तर भलत्याच गावच्या गाढवासाठी. तिने लेकीला समोर बसवलं. “म्हन, लय भूक लागली.”

“लई भूक लागलीय.”

“लई नाय, लय. आन लागलीय नको, ते तुझी मास्तरीन बोलती. लागली.”

मग भुकेवरून गोष्ट बहिणीच्या फोनवर गेली, फोनवरून बहिणीच्या सुनेवर, आणि सुनेने काय केलं ते कळेपर्यंत पोळ्या गार झाल्या. मी हाका मारल्या नाहीत.

पुढच्याच आठवड्यात लेकीची एक मैत्रीण खेळायला आली. आईने तिला काहीतरी विचारलं तशी ती खुदकन हसली आणि लेकीला म्हणाली, तुझी आजी त्या पिक्चरमधल्या गाढवासारखी बोलते. मी स्वयंपाकघरातला नळ बंद केला.

“नाही,” माझी लेक म्हणाली. “ते गाढव कोल्हापूरचं होतं.”

मैत्रिणीला काहीच कळलं नाही. आईने मात्र मांडीवर थाप मारली, आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, पोरींनो, पानी पायजे का सरबत करू?