गुलनार आणि एक जानेवारी

परभणीच्या कॉलेजातून बी.ए. झाले आणि पेडगावजवळ घोड्यांची पैदास करणाऱ्या एका स्टडफार्मवर रजिस्टर लिहायला लागले, ते बहात्तरचा दुष्काळ सरला त्या साली. तेव्हापासून इतके किस्से साठलेत, की घरी आलेला पाहुणा चहाच्या आधी विचारतो, "काय म्हणते तुमची गुलनार?"

गुलनार म्हणजे आमची रेसची घोडी, अस्सल थरोब्रेड. पळाली तर राणी. नाहीतर सेलूचा एक वरातवाला टपलेलाच होता. मालक उठता-बसता म्हणायचे, "नवरदेव बसवू हिच्यावर, झालं!"

*

पहिल्याच दिवशी गुलनार माझ्या कानाशी शिंकली. मी रजिस्टरसकट पाण्याच्या हौदात!

तिची निगा राखणारा सईस ख्वाजामियाँ. वय साठ, चेहऱ्यावर सुरकुती हलली नाही. म्हणाला, "बाई, शिंकली घोडी. तुमी कामून आंघोळ करायलाव?"

*

रेसच्या घोडीच्या कागदावर तिच्या खुणांचं चित्र लागतं. केसांचा भोवरा कुठं, पांढरा पाय कोणता, सगळं. मी गुलनारसमोर उभी राहून मन लावून चित्र काढलं. तिचा डावा पाय माझ्या उजव्या हाताला येतो, हे डोक्यातच आलं नाही!

पुण्याला तपासणीत साहेब म्हणाले, "कागदावर उजवा पाय पांढरा, हिचा डावा. ही गुलनार नव्हेच!" घोडी न पळता रेल्वेच्या डब्यातून परत.

मी रडवेली. ख्वाजामियाँ म्हणाला, "एक अर्ज हाय बाई. पुढच्या बारीला घोडीच्या मागं उभं राहून काढा."

"अहो, लाथ मारेल ना!"

"मारू द्या. पाय तर बरोबर येईल!"

*

पुढं कागद दुरुस्त झाला आणि गुलनार हैद्राबादला पळाली. पोस्टमन तार घेऊन आला. तार म्हणजे कुणीतरी गेलं! मी न उघडताच हुंदके द्यायला लागले. मालकांनी टोपी काढली. "लय गुणाची होती," म्हणाले.

शेवटी पोस्टमननंच तार फोडली. गुलनार पहिली!

मालकांनी टोपी घातली. "बाई, पुढची तार आली की आधी वाचा, मंग रडा."

*

रेस संपल्या. आता शिंगरू द्यायचं, तर दोन वर्षं गाभणच राहिना. वरातवाला पुन्हा चकरा मारायला लागला. तिसऱ्या वर्षी राहिली! मालक म्हणाले, माझा नवस. डॉक्टर म्हणाले, माझं इंजेक्शन. मी गुपचूप सोमवार धरले होते.

ख्वाजामियाँ खरारा करत म्हणाला, "थोडं नाव घोड्याचंबी घ्या की!"

*

रेसच्या सगळ्या घोड्यांचा वाढदिवस एकच, एक जानेवारी. एकतीस डिसेंबरला जन्मलेलं शिंगरू दुसऱ्या दिवशी कागदावर एक वर्षाचं होतं. मग त्याला जन्मभर आपल्याहून थोरल्यांशी पळावं लागतं. म्हणजे रेसच्या दृष्टीनं फुकट.

गुलनारचे दिवस बारा जानेवारीला भरत होते. ती व्याली एकतीस डिसेंबरला, भर दुपारी!

मालक म्हणाले, "बाई, एक तारीख लिवा. कोण बघायलंय?"

मी रजिस्टर उघडलं. एकतीसचाच आकडा लिहिला, स्वच्छ.

मालक लालबुंद. "मंग उद्या एक वर्षाचं होणारं शिंगरू मी काय करू? बोलवा सेलूवाल्याला! माय-लेकरू दोन्ही न्या म्हणाव!"

सकाळी वरातवाला ट्रक घेऊन हजर. मालक आले. दारातच ख्वाजामियाँ पेढे घेऊन उभा. "तोंड गोड करा मालक. शिंगरू एक वर्साचं झालं!"

मालक पेढा घेईनात. तेवढ्यात ते शिंगरू चार पाय चार दिशांना टाकत आलं, मालकांच्या धोतराचा सोगा तोंडात धरला आणि चुटूचुटू चोखायला लागलं. मालक हलेनात.

वरातवाल्यानं गुलनारचा दोर सोडला. "चलतो मालक. वर्साचं हाय म्हन्ता, येईल की ट्रकपत्तुर मायच्या मागं."

मालक ओरडले, "ठेव तो दोर! कालचं लेकरू हाय ते. त्याच्या मायला कुठं न्यायलास?"