प्रेस ब्रेकखालचं लिंबू

बाळांनो, मामीच्या कारखान्यातलं नवं मशीन चालू झालं का, असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत. झालं. पण ते कसं झालं हे तोंडी सांगायला घेतलं की तुमच्या या आजीला हसू आवरत नाही, आणि आजोबा शेजारून "तसं नव्हतं ते" म्हणत राहतात. म्हणून क्रमाने लिहिते.

आधी मशीन. त्याला प्रेस ब्रेक म्हणतात. वर एक लांब पोलादी पातं, त्याचं नाव पंच. खाली तेवढाच लांब, तुकडे जोडून केलेला ठोकळा, त्याचं नाव डाय, आणि त्याला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच. मध्ये पत्रा सरकवायचा, पायाने पॅडल दाबायचं. पंच सावकाश खाली येतो आणि पत्रा वहीचं पान दुमडावं तसा काटकोनात दुमडतो. आजोबांनी जन्मभर पत्रा लाकडी हातोड्याने ठोकून वाकवला. मोठा असला तर बाहेरून वाकवून आणला. हे मशीन मामीच्या हट्टाने आलं.

आणि आजोबांनी तिला अट घातली होती. इथल्या एका बियाणे कंपनीला बी साफ करण्याच्या यंत्रासाठी स्टीलचे ट्रे हवे होते. नमुन्याचा ट्रे पास झाला तर मशीन मामीने चालवायचं. नापास झाला तर एखादा ऑपरेटर ठेवायचा आणि मामीने परत ऑफिसात बिलांपाशी बसायचं. कंपनीचे साहेब दुपारी चारला येणार होते.

पूजेशिवाय आजोबा मामीला पॅडलला पाय लावू देईनात, म्हणून पूजा त्याच दिवशी सकाळी ठेवली. मामा नेमका बाहेरगावी. केदारखेड्याहून तुमची आत्याआजी, म्हणजे आजोबांची थोरली बहीण, भावकीतल्या बायकांना घेऊन बसने आली. हळदकुंकू झालं, अक्षता पडल्या, नारळ फुटला. मग आत्याआजीने पिशवीतून लिंबू काढलं आणि मशीनभोवती फिरून ते कुठे ठेवावं ते पाहू लागली.

"नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठिवतेत," ती म्हणाली. "ह्याला तं चाकंच न्हाईत."

मी म्हटलं, मग राहू द्या. ती बिलकुल ऐकेना. एका बाईने सुचवलं, पायाखाली ठेवा. पाय सिमेंटात बसवलेले. दुसरी म्हणाली, वर ठेवा. वर ठेवलेलं लिंबू दबणार कसं? मग आत्याआजीची नजर पंचावर गेली आणि तिथेच थांबली.

मामी नको म्हणत होती. पण आजोबा, जे मशीनच्या नावाने महिनाभर नाक मुरडत होते, ते म्हणाले की दाबायचंच आहे तर दाबण्याच्या जागीच दाबू. मशीनपुढच्या पिवळ्या पट्टीच्या आत हात घालायचा नाही, एवढं मामीने बजावलं. म्हणून लिंबू लांब चिमट्याने डायच्या डाव्या टोकाला खाचेत बसवलं आणि मामीने पॅडल दाबलं.

पोरांनो, मशीन पत्र्यासाठी बनवलेलं, लिंबाने त्याच्यापुढे काय टिकावं? रस सगळ्या बाजूंनी उडाला. आत्याआजीचा चष्मा, माझी इस्त्रीची साडी, आजोबांची टोपी, काही सुटलं नाही. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. आत्याआजीने ओठावरचा रस चाटला आणि मीठ कुणी आणलं का म्हणून विचारलं. मग आजोबांनी डायचा डावा तुकडा उचलून घेतला, धोतराच्या सोग्याने खसाखस पुसला आणि लगेच होता तसा बसवून दिला.

जेवणं झाली आणि मामीने नमुन्याचा पत्रा घातला. चारी बाजू दुमडल्या, ट्रे उचलला आणि तिचा चेहरा पडला. काटकोन मोजायचा गुण्या लावला तर एका भिंतीचं उजवं टोक बरोबर होतं. डावं टोक आत झुकलेलं. कोपऱ्यात काडेपेटीची काडी जाईल एवढी फट. तिथून बी गळणार, साहेब ट्रे परत करणार, हे मला न सांगताही कळलं. साडेतीन वाजून गेले होते.

आजोबा म्हणाले, पत्रा वाकडा असेल. मामीने दुसरा तुकडा घेऊन वाकवला, मग तिसरा टोकांची अदलाबदल करून वाकवला. दोन्ही वेळा मशीनच्या डाव्या हाताचंच टोक झुकलं.

"आई, पत्र्याचा दोष न्हाई," ती मला म्हणाली. "काल मशीन बसवणाऱ्यानं वाकवून दाखवलं तेव्हा बराबर होतं. मंग रात्रीतून काय बदललं?"

मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. मग आम्ही दोघींनी आत्याआजीकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय पाहून राह्यल्या?" आत्याआजी म्हणाली. "पुसून तं त्यानं बसवलं."

मामीने मशीन बंद केलं, डायचा तो तुकडा सोडवला, आत्याआजीने एका हाताने उचलून धरला आणि मी बॅटरीचा उजेड पाडला. तुकडा जिथे टेकतो त्या बैठकीवर लिंबाची एक बी आणि अक्षतांचे चार दाणे भाकरीसारखे थापून बसले होते, वर हळदीसकट. तेवढ्याने डाय डावीकडे केसभर उंचावली होती, म्हणून त्या टोकाला पंच जास्त खोल जात होता. आजोबा छताचे पत्रे न्याहाळू लागले.

"बियांच्या कंपनीचं काम हाये," आत्याआजी म्हणाली, "बी निघणारच."

मामीला हसू फुटलं. तिने बैठक खरवडली, पुसली, बोट फिरवून पाहिली, डाय बसवली. नव्या ट्रेची शेवटची बाजू दुमडली जात होती तेवढ्यात साहेब आले. बायकांनी त्यांना कुंकू लावलं, हातात पेढा दिला आणि भोवती कडं केलं. साहेबांनी पेढा संपवला, प्रत्येक कोपऱ्याला गुण्या लावला. मग खिशातून पुडी काढून मोहरीएवढं कोबीचं बी ट्रेमध्ये ओतलं, ट्रे हातावर तिरपा केला आणि कोपऱ्यांवर टिचक्या मारल्या. अख्खं केदारखेडं वाकून खालची फरशी बघत होतं. मी पण.

फरशीवर एक दाणा पडला नाही.

साहेब म्हणाले, बाकीचे असेच द्या, पण हाच हात असू द्या, मध्ये माणूस बदलू नका. वाकवलं कुणी?

आजोबांनी टोपी सरळ केली. "आमच्या सूनबाईनं," ते म्हणाले. "पुढचे बी तीच करणार."

मामीने मान हलवून साहेबांना बरं म्हटलं, अगदी गंभीरपणे, आणि काहीतरी आणायला जावं तशी मशीनमागे गेली. ती बराच वेळ आली नाही. मी वाकून पाहिलं तर मशीनच्या खालून तिचे फक्त जाड बूट दिसत होते, आणि ते जमिनीवर ठरत नव्हते.