वेळ्ळीची ढाल

तमिळनाडूतल्या राजपाळयमच्या जनावरांच्या दवाखान्यात पेच्चिमुत्तूनं सव्वीस वर्षं टाके घालताना कुत्री धरली, नंतर त्यांची मलमपट्टी केली. कुत्र्यांवर त्याचा जीव. त्यांच्या मालकांना मात्र तो कवडीची किंमत देत नसे.

त्यातही तिरुमलै राजा म्हणजे नमुनाच. गावच्या पांढऱ्या शिकारी कुत्र्यांचा हा नावाजलेला पैदासकार. स्वतःच्या आईचं वय त्याला सांगता येत नसे, पण वेळ्ळी कुत्रीच्या सात पिढ्या तोंडपाठ. वेळ्ळीच्या बरगडीवर गाठ आली, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या की गाठीभोवतीची दोन दोन बोटं चांगली कातडीही काढावी लागेल. राजा कळवळला, पण कुत्रीसाठी नव्हे. पोंगलनंतर प्रदर्शन होतं, आणि पांढऱ्या अंगावर मोठा व्रण दिसला की बक्षीस गेलंच. त्यानं इतकी गयावया केली की बाईंनी अखेर लहानशी चीर घेऊन नुसती गाठ काढली. वेळ्ळीला धरून उभा असलेला पेच्चिमुत्तू गप्प राहिला.

आठवड्यानं काढलेल्या गाठीच्या तपासणीचा कागद आला: कडेला रोग शिल्लक आहे, लगेच पुन्हा कापा. पेच्चिमुत्तू तो घेऊन स्वतः राजाच्या दारी गेला. राजानं कागदाची घडी करून खिशात घातली.

"गाठ गेली ना? मग कडांचं काय घेऊन बसलास? आधी प्रदर्शन होऊ दे."

त्याच सुमारास चहावाल्या इसक्कीअम्माळच्या काळ्या गावठी कुत्र्याचीही तसलीच गाठ काढली होती. हवं तेवढं कापा, मला काही त्याचं लग्न लावायचं नाहीये, असं तिनं सांगून टाकलं होतं. त्याची बरगडी फाटकं पोतं शिवल्यासारखी दिसे. पण त्याचा कागद स्वच्छ आला, आणि कुत्रं पुन्हा गिऱ्हाइकांच्या वड्यांवर टपून बसू लागलं.

प्रदर्शनात वेळ्ळीनं पहिल्या बक्षिसाची ढाल जिंकली. दोन महिन्यांनी राजा तिला उचलूनच दवाखान्यात घेऊन आला. जुन्या जागी लिंबाएवढी गाठ फुटून वाहत होती, काखेतही गोळे आले होते. आता हवं तेवढं कापा, असं तो बाईंना विनवू लागला. बाई म्हणाल्या, रोग आत पसरलाय, आता कापून उपयोग नाही. दुखणं कमी व्हायचं औषध तेवढं देते.

राजा रडायला लागला. पेच्चिमुत्तूला त्याची किळस आली, आणि त्या दिवशी तोंड शिवून उभ्या राहिलेल्या स्वतःचीही. वेळ्ळीनं सवयीनं पेच्चिमुत्तूच्या हातावर डोकं टेकलं.

"ढाल नीट जपा, मालक," तो राजाला म्हणाला. "तिच्यावर एकही डाग नाही."